पासाउ ते व्हिएन्ना: डॅन्यूबकाठचा सायकलमार्ग आणि त्याचे तयार पॅकेज

जर्मनीतील पासाउपासून ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्नापर्यंत डॅन्यूब नदीच्या काठाने जाणारा सायकलमार्ग सुमारे सव्वातीनशे किलोमीटरचा आहे. तो पार करण्यासाठी बरेच पर्यटक ज्या तयार पॅकेजचा आधार घेतात, त्यात मुक्कामाची हॉटेले, न्याहारी, भाड्याची सायकल, नकाशे आणि रोजचे सामान पुढच्या गावी पोहोचवण्याची सोय एवढ्या गोष्टी मिळतात. मार्ग आणि पॅकेज यांचे मूल्यमापन मात्र वेगवेगळे करायला हवे, कारण मार्ग उत्तम आहे, पॅकेजमधील सेवाही बहुतांशी चोख आहे, परंतु त्या पॅकेजने मार्गाचे जे तुकडे पाडले आहेत, ते मला मुळातच चुकीचे वाटतात.

आधी मार्गाविषयी. तो एवढा सपाट का आहे, याचे उत्तर त्याच्या इतिहासात आहे. आगबोटी येण्यापूर्वी प्रवाहाविरुद्ध निघालेल्या मालवाहू नावा काठावर घोडे जुंपून दोरखंडाने ओढल्या जात असत आणि त्या घोड्यांसाठी नदीला लागून वाट राखलेली असे. पुढे विसाव्या शतकात वीजनिर्मितीसाठी नदीवर एकामागून एक बंधारे उभे राहिले. योखेनश्टाइनचा प्रकल्प 1956 मधला, तर इब्स-पेर्झेनबॉइगचा 1959 मधला. त्या बंधाऱ्यांसोबत काठावरच्या वाटाही नव्याने बांधल्या गेल्या. आजचा सायकलमार्ग बऱ्याच अंशी या दोन प्रकारच्या वाटांवरून जातो, त्यामुळे चढ असा जवळजवळ नाहीच, आणि अनेक बंधाऱ्यांच्या माथ्यावरून सायकल हाती धरून किंवा चालवत पलीकडच्या काठाला जाता येते. अटलांटिक महासागरापासून काळ्या समुद्रापर्यंत आखलेल्या ‘युरोव्हेलो 6’ या लांब पल्ल्याच्या मार्गाचाही हा एक भाग आहे. डांबरी पृष्ठभाग, जागोजागी हिरव्या पाट्या आणि बहुतेक ठिकाणी दोन्ही काठांनी वाट, अशी याची रचना असल्यामुळे नकाशा न उघडताही दिवस निभावतो.

वरंध घाट चढणाऱ्या आपल्याकडच्या सायकलस्वाराला हा मार्ग मिळमिळीत वाटेल, आणि त्याने तो दमछाकीच्या अपेक्षेने निवडूही नये. साठी ओलांडलेली जोडपी, आठ-दहा वर्षांची मुले सोबत असलेली कुटुंबे, शाळा सुटल्यापासून सायकलवर न बसलेली माणसे यांच्यासाठी तो आहे. वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे पासाउहून व्हिएन्नाकडे जाण्याचा रिवाज आहे. तो मोडण्यात काही शहाणपण नाही.

पासाउ हे तीन नद्यांच्या संगमावरचे शहर आहे. डॅन्यूबला तेथे दक्षिणेकडून इन आणि उत्तरेकडून इल्ट्स येऊन मिळते, आणि गंमत अशी की संगमाच्या ठिकाणी इन नदीचे पाणी सरासरीने डॅन्यूबपेक्षा जास्त असते, तरी पुढे नाव चालते ते डॅन्यूबचेच. नगरभवनाच्या भिंतीवर पुरांच्या खुणा कोरलेल्या आहेत. जून 2013 मध्ये पाणी 12.89 मीटरपर्यंत चढले होते. ती खूण पाहिल्यावर काठाला खेटून सायकल चालवताना नदीकडे बघण्याची नजर बदलते. सेंट स्टीफन कॅथेड्रलमधील ऑर्गनला 17,974 नळ्या आहेत आणि उन्हाळी हंगामात दुपारी त्याचे वादन होते. ते ऐकून त्याच दिवशी निघायचे असेल तर पहिल्या टप्प्याला उशीर होतो, म्हणून आदल्या दिवशीच पासाउला पोहोचावे.

पहिला टप्पा श्ल्योगेनपर्यंतचा. येथे कठीण ग्रॅनाइटच्या डोंगरांमुळे नदी जवळजवळ उलट दिशेला वळून पुन्हा आपल्या वाटेला लागते. हे वळण सायकलवरून नीट कळत नाही. त्यासाठी सायकलला कुलूप लावून अर्धा-पाऊण तास जंगलातून वर चढावे लागते, आणि ते कष्ट घ्यावेतच. डाव्या काठाने आलेल्यांना आउ या जागी वाट संपल्याचे दिसते. तेथून पुढचा भाग फेरीबोटीनेच करावा लागतो. या छोट्या बोटी हंगामापुरत्या आणि दिवसाउजेडीच चालतात, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

आता पॅकेजमधील सेवांकडे वळतो. सामान पोहोचवण्याची व्यवस्था हा या साऱ्या व्यवहाराचा कणा आहे, आणि तेथे बोट ठेवायला जागा नाही. सकाळी ठरलेल्या वेळेपूर्वी बॅग हॉटेलच्या स्वागतकक्षात ठेवायची आणि संध्याकाळी ती पुढच्या हॉटेलात हजर असते. सायकलच्या बाबतीत मात्र नोंदणी करतानाच एक प्रश्न नीट समजून घ्यावा. सात-आठ गिअरच्या भाड्याच्या सायकलींना पुष्कळदा उलटे पॅडल मारल्यावर लागणारा ब्रेक असतो. आपल्याला थांबल्यावर पॅडल मागे फिरवून पाय जुळवण्याची सवय असते. अशा सायकलवर ते जमत नाही आणि सिग्नलला तोल जातो. मागणी केल्यास मोकळे फिरणाऱ्या पॅडलची, जास्त गिअरची सायकल मिळते, ती घ्यावी. ई-सायकलचे भाडे बरेच जास्त पडते आणि एवढ्या सपाट वाटेवर निरोगी माणसाला तिची गरज भासत नाही. सोबत कॅरिअरला लावायची पिशवी, कुलूप, पंपासह पंक्चरचे सामान आणि हँडलवर नकाशा ठेवायची पिशवी मिळते. स्वस्त श्रेणीतील मुक्काम काही वेळा नदीपासून दूर, चढावर असतात. दिवसभर चढ न चढलेल्या पायांना संध्याकाळी तोच एक किलोमीटर जड जातो, तेव्हा वरची श्रेणी परवडत असेल तर तेथे पैसे खर्च करावेत.

लिंत्सच्या अलीकडे ओटेन्सहाइमनंतर डाव्या काठाची वाट मोटाररस्त्याला लागून जाते. आवाज आणि धूर नको असल्यास तेथून फेरीबोटीने विल्हेरिंगच्या बाजूला जावे. लिंत्स शहर चांगले आहे, पण या सहलीत त्याच्यावर एक रात्र खर्च करणे पुरेसे आहे. त्यापुढच्या टप्प्यात माउटहाउझेन येते. 1938 मध्ये उभारलेल्या नाझी छळछावणीचे स्मारक गावावरच्या टेकडीवर आहे. या छावणीत आणि तिच्या उपछावण्यांत मिळून सुमारे एक लाख नव्वद हजार माणसे डांबली गेली आणि त्यांपैकी किमान नव्वद हजार मारली गेली. 5 मे 1945 रोजी अमेरिकन सैन्याने ती मुक्त केली. नदीकाठच्या वाटेवरून यातले काहीच दिसत नाही, आणि लिंत्स ते ग्राइन हा साठ किलोमीटरच्या घरातला टप्पा गाठण्याच्या घाईत बहुतेक सायकलस्वार खालूनच निघून जातात. स्मारक पाहायला निदान तीन तास लागतात. पॅकेजच्या वेळापत्रकात ते तीन तास कोठेच धरलेले नाहीत.

ग्राइनमध्ये 1791 चे छोटेसे नाट्यगृह आहे. त्याच्या काही खुर्च्यांना कुलपे आहेत, म्हणजे ज्याने जागा विकत घेतली आहे त्यानेच ती किल्लीने उघडावी. आपल्या नाट्यगृहांतल्या रुमाल टाकून धरलेल्या जागांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ग्राइनच्या पुढे दरी अरुंद होते. एकेकाळी येथील खडक आणि भोवरे नावाड्यांचा कर्दनकाळ होते. इब्सच्या बंधाऱ्याने पाणी चढवल्यापासून तो भाग तलावासारखा संथ झाला आहे. वीज मिळाली आणि धोका गेला हे खरे, परंतु अशा भागांत डॅन्यूब नदीपेक्षा जलाशय वाटते.

वाखाउ हा मेल्क ते क्रेम्स या दोन गावांमधील सुमारे 36 किलोमीटरचा पट्टा, आणि माझी मुख्य तक्रार याच भागाबाबत आहे. येथेही बंधारा होणार होता. स्थानिकांच्या विरोधामुळे तो टळला, म्हणून नदी येथे मोकळी वाहते. 2000 मध्ये या भूप्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मेल्कला 1089 पासून बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती संन्याशांचा मठ आहे. आजची पिवळी, भव्य इमारत याकोब प्रांडटाउअर या वास्तुकाराने आखली आणि तिचे काम 1702 ते 1736 या काळात झाले. तेथून पुढे दोन्ही बाजूंच्या उतारांवर चुन्याविना रचलेल्या दगडी ताली आणि त्यांवर द्राक्षांचे मळे लागतात, आणि सपाटीला जर्दाळूच्या बागा. विलेनडॉर्फ गावात 1908 मध्ये अश्मयुगीन स्त्रीमूर्ती सापडली. ती जेमतेम 11 सेंटिमीटर उंचीची आहे. मूळ मूर्ती व्हिएन्नाच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात असल्याने ती प्रवासाच्या शेवटी पाहता येते. ड्यूर्नश्टाइनच्या डोंगरावरील किल्ल्यात इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड 1192-93 च्या हिवाळ्यात कैदेत होता. स्वीडिश सैन्याने 1645 मध्ये तो किल्ला उडवला आणि आज भग्न भिंती उरल्या आहेत.

एवढे सगळे असताना प्रचलित पॅकेज हा पट्टा एका दिवसात, खरे तर अर्ध्या दिवसात उरकते. कारण टप्पे अंतरावर पाडलेले आहेत. रोज चाळीस ते साठ किलोमीटर असा हिशेब धरला की बंधाऱ्यालगतच्या एकसुरी वाटेला एक दिवस आणि वाखाउलाही एकच दिवस येतो. आम्ही ज्या कंपनीकडून सहल घेतली, तिने आगाऊ मागणी केल्यावर जादा रात्रीची सोय करून दिली, पण आपणहून तो पर्याय सुचवला नव्हता.

माझी सूचना अशी आहे. मेल्कहून उजव्या काठाने निघावे. या बाजूला वर्दळ कमी आणि बागा जास्त आहेत. आर्न्सडॉर्फला पोहोचल्यावर फेरीबोटीने श्पिट्सला उतरावे. ही बोट इंजिनाविना चालते. नदीवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारेला ती चाकाने अडकवलेली असते, नावाडी तिचे तोंड प्रवाहाशी तिरके धरतो आणि पाण्याच्याच रेट्याने ती पलीकडे सरकते. सायकलींसह त्या लाकडी फळ्यांवर उभे राहून केलेला तो अल्पसा प्रवास मला या संपूर्ण मार्गावरचा सर्वांत सुंदर भाग वाटला. श्पिट्सला मुक्काम करावा, दुसऱ्या दिवशी सकाळी विलेनडॉर्फपर्यंत मागे जाऊन यावे, मग वाइसनकिर्खेन आणि ड्यूर्नश्टाइन करत सावकाश क्रेम्स गाठावे. ड्यूर्नश्टाइनला भर दुपारी मोठ्या पर्यटक-बोटींची गर्दी उतरते आणि गावातल्या फरसबंद गल्लीत सायकल हातात धरूनच चालावे लागते, म्हणून तेथे चारनंतर जाणे बरे.

वाखाउमध्ये थांबण्याचे आणखी एक कारण म्हणजे जेवण. द्राक्षबागायतदार पाळीपाळीने वर्षातले काही आठवडे आपल्याच घरी वाइन आणि थंड खाद्यपदार्थ विकतात. दारावर झाडाची डहाळी टांगलेली असेल तर ते घर उघडे आहे असे समजावे. पदार्थांत मांस भरपूर असते, परंतु ताज्या चीजचे तिखट-खारट लिपटाउअर आणि भाकरीसारखा जाड काळा पाव यांवर शाकाहारी माणसाचे भागते. गोडात जर्दाळूचे क्न्योडेल घ्यावे. बटाट्याच्या किंवा ताज्या चीजच्या पिठाच्या गोळ्यात अख्खा जर्दाळू भरून तो उकडतात आणि तुपाऐवजी लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवतात. उकडीच्या मोदकाची सवय असलेल्याला ते पहिल्या घासातच ओळखीचे वाटते. जर्दाळूचा तोडा जुलैमध्ये असतो. वाइनबाबत एवढे सांगणे आवश्यक आहे की रक्तातील मद्याची दर हजारी 0.8 ही मर्यादा ऑस्ट्रियात सायकलस्वारालाही लागू आहे.

वाखाउला दिलेला जादा दिवस भरून काढायचा असल्यास क्रेम्सपुढची वाट सोडून द्यावी. तेथून व्हिएन्नापर्यंतचा बराच भाग बांधावरून सरळ जातो. त्स्वेंटेनडॉर्फचा अणुवीज प्रकल्प, जो बांधून तयार झाल्यावर 1978 च्या सार्वमतामुळे कधी सुरूच झाला नाही, आणि चित्रकार एगॉन शिले याचे जन्मगाव टुल्न एवढ्या दोन जागा सोडल्यास थांबावे असे फारसे नाही. क्रेम्सहून व्हिएन्नाला प्रादेशिक गाड्या नियमित आहेत आणि सायकलचे वेगळे तिकीट काढून ती डब्यात नेता येते. भाड्याची सायकल व्हिएन्नातच परत करायची असल्याने ही सोय फार उपयोगी पडते. फक्त शनिवार-रविवारच्या दुपारी सायकलींच्या डब्यात जागा मिळणे कठीण असते, म्हणून सकाळची गाडी धरावी.

भारतातून जाणाऱ्यांना जर्मनी आणि ऑस्ट्रिया या दोन्ही देशांसाठी एकच शेंगेन व्हिसा चालतो, मात्र मुक्कामाच्या रात्री ऑस्ट्रियात जास्त असल्यामुळे अर्ज ऑस्ट्रियाकडे करावा लागतो. मे, जून आणि सप्टेंबर हे महिने मला सर्वांत सोयीचे वाटतात. जुलै-ऑगस्टमध्ये हॉटेले मिळत नाहीत आणि वाट गजबजलेली असते, तर ऑक्टोबर सरत आला की फेरीबोटी बंद होऊ लागतात, आणि श्पिट्सला पाण्यावरून उतरता आले नाही तर वर सुचवलेला सगळा बेतच बदलावा लागतो.