तारेवरचं टो की लेझरवरचं हेलफायर?

साताऱ्यात आम्ही दोघं भाऊ रात्री हेलिकॉप्टर सिम्युलेटरला बसतो. दादाचं हेलिकॉप्टर अपाचे: त्याच्या हेलफायर या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राचा पल्ला सुमारे 8 किलोमीटर, आणि त्याला वाट दाखवणारा लेझर लक्ष्यावर दुसऱ्या कुणी धरला तर आपण डोंगराआड मोकळे. माझं कोब्रा. त्याच्या टो या तारेवरून दिशा मिळणाऱ्या क्षेपणास्त्राचा पल्ला जेमतेम 3,750 मीटर, पण मजा तिथेच. लांबच्या माऱ्याला वीसेक सेकंद क्रॉसहेअर (नेमाची फुली) लक्ष्यावरून हलवायचा नाही, हेलिकॉप्टरला हिसका द्यायचा नाही. मागे बारीक तार उलगडत असते, पतंगाच्या मांज्यासारखी. तुटली की क्षेपणास्त्र गेलं वाऱ्यावर! आमच्या सिम्युलेटरात मात्र ती झाडांतूनही खुशाल आरपार जाते. खरेपणात हेलफायर पुढे, हे मान्य. तरी मी टोच घेतो. दादा म्हणतो, "तुला हौसच फार."