बीजी-२ कपाशीचं पाकीट: चार एकरांतला अनुभव

२०२४ च्या खरिपात यवतमाळच्या कळंब तालुक्यातल्या आमच्या चार एकर कोरडवाहूत मी बीजी-२ ची, म्हणजे बोंडअळीचं विष झाडातच तयार करणाऱ्या बीटी कपाशीची, आठ पाकिटं लावली. ४७५ ग्रॅमचं पाकीट, तेव्हाची किंमत ८६४ रुपये. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कुठल्याही कंपनीचं बीजी-२ घ्या, आत हे विष बनवणारी तीच दोन जनुकं असतात, क्राय१एसी आणि क्राय२एबी.

उगवण चांगली झाली, नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायला थोडीच सरकी लागली. हिरव्या बोंडअळीसाठी एकदाही फवारावं लागलं नाही. २००२ च्या, म्हणजे बीटी यायच्या, आधीची कपाशी ज्यांनी पाहिली, त्यांना याचं मोल कळेल. माझे सासरे पाठीवरचा पंप उतरवत नसत, तरी कपाशीच्या ओळींत गळलेल्या पात्यांचा, म्हणजे कळ्यांचा, सडा पडायचा. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. त्यामुळे वाचलेली प्रत्येक फवारणी मला मोठी वाटते.

अळीला विष लवकर पचू नये म्हणून आता पाकिटात थोडी बिगर-बीटी सरकी मिसळूनच येते. पूर्वी तिची वेगळी पुडी असायची आणि बहुतेकजण ती बांधावर फेकून द्यायचे. एका झाडावर हिरवी अळी दिसली, शेजारची झाडं मात्र स्वच्छ. पुतण्या अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकतो, त्यानं झाड बीटी आहे का हे दाखवणाऱ्या तपासणीच्या पट्ट्या आणल्या होत्या. पान नळीत चुरडून पट्टी बुडवली, तर अळीच्या झाडाची एकच रेघ उमटली. म्हणजे ते बिगर-बीटीच. मिसळ खरी आहे, हे डोळ्यांनी पाहिलं.

माझी तक्रार गुलाबी बोंडअळीची आहे. दुकानदार म्हणाला होता, "काकू, डबल जनुक आहे, बोंडअळीची काळजीच सोडा." ऑक्टोबरात डोमकळ्या, म्हणजे आत अळी असल्यानं न उमललेली फुलं, दिसायला लागल्या. मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठाच्या वर पतंग सापडले. बाहेरून हिरवंगार, कुठं छिद्र नसलेलं बोंड फोडलं, तर आत दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या आणि त्यांच्या पोटात गुलाबी अळी. अळी अशी आत कोंडलेली असताना वरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत जात नाही. शेवटच्या वेचणीत निम्मी कवडीच, म्हणजे किडका कापूस, निघाली.

असं का होतं, हे मला नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत तेव्हा असलेल्या डॉ. केशव क्रांती यांच्या कामातून उमगलं. त्यांनी २००५ मध्येच मोजून दाखवलं होतं की क्राय१एसीचं प्रमाण पानांत सर्वांत जास्त असतं, तर फुलाच्या बीजांडकोशात आणि हिरव्या बोंडाच्या सालीत सर्वांत कमी. शिवाय पेरणीनंतर ११० दिवसांनी ते पुरेसं उरत नाही. जूनअखेरची आमची लावण ऑक्टोबरात बरोबर तिथं येते, आणि गुलाबी अळीला बोंडच हवं असतं.

दुसरी गोष्ट संकरित वाणाची. या झाडाला जनुक एकाच पालकाकडून मिळतं, म्हणून बोंडातल्या सरक्यांत प्रत्येक जनुकामागे साधारण चारातली एक कोरी, म्हणजे ते जनुक नसलेली, निघते. एकाच बोंडात विष असलेली आणि नसलेली सरकी शेजारी शेजारी. त्यात ज्या अळ्या तगतात, त्यांचीच पैदास पुढं वाढते. इतर देशांत बीटी कापूस बहुतेक सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणांत आहे. आपल्याकडे मात्र बहुतेक संकरितच, आणि दरवर्षी नवं पाकीट विकत घ्यायचं. २००९-१० मध्ये गुजरातेत या अळीनं क्राय१एसी पचवलेलं आढळलं, पुढं दुसरं जनुकही पचवलं. तरी पाकिटावर हे ठळक छापायला कुणी तयार नाही, याचा मला राग आहे.

पाकीट घ्या की नको, असं विचाराल तर घ्या, पण फक्त हिरव्या अळीसाठी. वाण लवकर येणारं, १५०-१६० दिवसांचं मागा. दुकानदार उशिराचं, मोठ्या बोंडाचं पुढं करेल, ते घेऊ नका. सापळ्यांचे पैसे सरकीच्याच हिशेबात धरा आणि पाती लागायच्या आधी ते लावून टाका. मी फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवून घेतलेलं पीक, सोडली. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटली आणि त्याच वावरात उशिराचा हरभरा टाकला. पुढच्या खरिपात चारपैकी एका एकरात सरळ वाणाची देशी कपाशी लावणार आहे, त्याची सरकी घरचीच ठेवता येईल.