इंजेक्शन बसवल्यावर रिलेंचं काय करायचं? डोनरचे, सुटे की एका बॉक्समध्ये

जुन्या गाडीचा कार्बोरेटर काढून इंजेक्शन बसवलं आणि इंजिनाने आयडल (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता संथ फिरणं) धरलं, की काम संपल्यासारखं वाटतं. मग डॅशबोर्डखाली डोकं घातलं की कळतं, डोनर गाडीच्या (जिचं इंजेक्शन काढून आणलं तिच्या) हार्नेसबरोबर, म्हणजे वायरिंगच्या जुडीबरोबर, आलेले रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) एका बाजूला लोंबताहेत, गाडीचे मूळचे दुसरीकडे आहेत, आणि मधल्या काळात पंख्यासाठी कुणीतरी जोडलेला एक तिसरीकडेच आहे. हे आवरायचं ठरवलंत तर आहे तसा डोनरचा संच ठेवता येतो, साधे सुटे रिले लावता येतात, किंवा सगळं एका रिले-फ्यूज बॉक्समध्ये आणता येतं. हे तिन्ही प्रकार मी वापरून पाहिले आहेत.

डोनरचा संच ठेवण्यात शहाणपण नाही असं नाही. छापील वायरिंग डायग्राम त्याच रिलेचा असतो, ईसीयूलाही (इंजेक्शन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) तोच अपेक्षित असतो. काही ईसीयू चावी बंद केल्यावरही मेन रिले (ज्यातून ईसीयूला करंट मिळतो तो) थोडा वेळ स्वतःच धरून ठेवतात, आयडलचा स्टेपर (आयडल सांभाळणारी छोटी मोटर) जागेवर आणतात आणि मग सोडतात. अशा ईसीयूचा मेन रिले थेट चावीवर टाकला तर पुढच्या वेळी आयडल विचित्र वागू शकतं. म्हणून जुना रिले फेकण्याआधी त्याच्या कॉइलचा अर्थ (अर्थिंगची, म्हणजे निगेटिव्ह बाजूची वायर) कुठे जातो ते एकदा बघा. बॉडीला जात असेल तर प्रश्न नाही. ईसीयूकडे जात असेल तर नव्या रिलेचाही तिथेच जायला हवा.

माझं मन या संचावरून उडालं ते एका त्रासामुळे. गरम झाल्यावर गाडी बंद पडायची आणि थोडी निवली की काही झालंच नव्हतं अशी सुरू व्हायची. ज्याला विचारावं तो म्हणायचा, लाइनमध्ये पेट्रोलची वाफ धरतेय, म्हणून पुरवठा अडतोय. पण इंजेक्शनच्या लाइनमध्ये अडीच-तीन बार दाब असतो. कार्बच्या मानाने तिथे वाफ धरण्याची शक्यता फारच कमी. रिलेवर संशय घ्यावा तर तो टक्‌ असा वाजायचा, म्हणून सुटायचा. ‘टक्‌’ एवढंच सांगतो की कॉइल ओढतेय. पुढे पेट्रोलच्या पंपापर्यंत करंट जातोय की नाही, हे त्यातून कळत नाही. शेवटी उघडून पाहिलं तर आतल्या सर्किट बोर्डवर, पंपाच्या पिनेशी, सोल्डरला केसाएवढी चीर होती. तापली की उघडायची, निवली की मिटायची. त्या काळच्या बोर्डवाल्या रिलेंचं हे दुखणं जुनंच आहे. पुन्हा डाग दिला, गाडी चाललीही. पण चीड आली ती वेगळ्या गोष्टीची: रस्त्याकडेला उभं असताना बदलून बघायला तसला दुसरा रिले गाडीत नव्हताच.

सुटे साधे रिले लावले की ही अडचण बरीचशी सुटते. 30, 85, 86, 87 हे पिनांचे आकडे सगळीकडे सारखे, आणि रिले कुठेही मिळतो. फक्त चार पिनांचेच घ्या. पाच पिनांच्या रिलेत मधली 87ए असते. रिले बंद असताना तिच्यावर करंट असतो, आणि घाईत वायर तिथे बसली तर पंप उलटाच वागतो. खर्च सर्वांत कमी, काम लवकर. पण प्रत्येक रिलेचा वेगळा फ्यूज होल्डर वायरमध्येच कुठेतरी अडकवलेला, आणि प्रत्येकाचा लग (वायरच्या टोकाचं कडं) बॅटरीच्या टर्मिनलवर. बॅटरी काढली की तिथे माळ ओवायचं काम! एखादा होल्डर आतून हिरवा पडला तरी बाहेरून कळत नाही. मीटर लावून मोजलं नाही, पण हेडलाइट आणि पंखा एकदम चालू झाले की पंपाचा सूर खाली यायचा, हे कानाला कळायचं.

बॉक्स केल्यावर तो सूर तसा उतरत नाही. काही वाटा नव्या वायरचाही असेल, मान्य. बॅटरीवरून एकच जाड वायर येते. आत मेन, पंप आणि पंखा असे तीन एकसारखे रिले आणि त्यांचे फ्यूज. पंपावर संशय आला की पंख्याचा रिले काढून पंपाच्या जागी लावायचा आणि सेल्फ मारायचा. मिनिटात उत्तर. कॉइलला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेले रिले घेतलेत तर 86 ला प्लस आणि 85 ला अर्थ हे कटाक्षाने पाळा, आणि तिन्ही एकाच प्रकारचे घ्या, नाहीतर अदलाबदलीला अर्थच उरत नाही. किचकट भाग म्हणजे बॉक्सच्या पिना नीट क्रिम्प करणं, म्हणजे वायरवर दाबून बसवणं. त्याचा वेगळा पक्कड लागतो, आणि तो नसेल तर सुटे रिले बरे, असंही कुणी म्हणेल.

सॉलिड-स्टेट पॉवर मॉड्यूलचं, म्हणजे रिलेऐवजी सगळे स्विच इलेक्ट्रॉनिक असलेल्या एकाच डब्याचं, मला फारसं आकर्षण नाही. रेसच्या गाडीला ठीक आहे. पण तो गेला की सगळंच गेलं.

काहीही निवडलंत तरी दोन गोष्टी बदलत नाहीत. पंपाच्या रिलेचा अर्थ ईसीयूमधूनच जायला हवा, म्हणजे इंजिन थांबलं की पंपही थांबेल. धडक बसली की पंपाचा करंट तोडणारा इनर्शिया स्विच लावलात तर आणखी चांगलं. दुसरं, मेन रिलेला चावीकडून येणारी वायर सेल्फ मारतानाही जिवंत राहणारी हवी. पॉइंटवाल्या (जुन्या पद्धतीच्या इग्निशनच्या) गाडीत इग्निशन कॉइलची वायर बहुधा बॅलास्ट रेझिस्टरमधून, म्हणजे व्होल्टेज कमी करणाऱ्या रोधातून, येते. तिच्यावर रिले टाकला तर तो नुसता फडफडतो.

डोनरचा रिले अजून धड असेल आणि गाडी महिन्यातून एकदाच बाहेर निघत असेल तर कदाचित हात लावू नका, फक्त तसाच एक जास्तीचा गाडीत ठेवा. लांबचा प्रवास करणाऱ्याला मात्र मी बॉक्सच सुचवेन, तोही एक्झॉस्टपासून दूर, वायरी खालून बाहेर पडतील असा बसवून.