डब्यातले चिंचोके आणि चार प्रमाणे

नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका छोट्या सभागृहात रविवारी सकाळी भरणाऱ्या तत्त्वज्ञान परिचय वर्गाला मी सलग आठ आठवडे गेलो. पहिल्याच दिवशी सरांनी झाकण लावलेला स्टीलचा डबा हलवून आत काय आहे ते विचारले. आवाजावरून बहुतेकांनी शेंगदाणे म्हटले आणि निघाले चिंचोके. तर्कावर भर देणाऱ्या न्यायदर्शनातील प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (साम्यावरून ओळख) व शब्द (विश्वासार्ह व्यक्तीचे वचन) ही चार प्रमाणे, म्हणजे ज्ञान मिळवण्याची साधने, तसेच साध्य (जे सिद्ध करायचे ते, इथे शेंगदाणे) नसलेल्या ठिकाणीही आढळणारा हेतू (त्यासाठी दिलेली खूण, इथे आवाज) ‘सव्यभिचार’, म्हणजे सदोष, का ठरतो, हे त्या चिंचोक्यांमुळे जितके पक्के झाले तितके नुसत्या वाचनाने झाले नसते. केवळ प्रत्यक्ष हेच प्रमाण मानणाऱ्या चार्वाक या जडवादी विचारवंतांची बाजूही सरांनी टिंगल न करता मांडली.

सुखाचा विषय मात्र उरकला गेला. सुख म्हणजे सद्गुणांना धरून आयुष्यभर चालणारी कृती, हे ॲरिस्टॉटलचे मत आणि दुःखाचे मूळ तृष्णेत पाहणारा बौद्ध विचार एकाच तासात कोंबले. पांडवलेणी ही बौद्ध लेणी शहरातच असताना हा तास तिथे का घेतला नाही, हे कळले नाही.

माणूस मुळात स्वार्थी की परोपकारी, हा वाद शेवटच्या रविवारी चांगलाच रंगला, जरी परोपकाराचे पुरस्कर्ते चहाच्या रांगेत सर्वांत पुढे होते. खुर्च्या कडक आहेत. उशी सोबत न्यावी.