चिंगीचं जॅकेट, आठ महिन्यांनंतर

ऑगस्टमध्ये हे अंगाला घट्ट बसणारं जॅकेट मागवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तेराशे रुपये कुत्रीच्या स्वेटरला?" चिंगी साडेसहा किलोची. पॉमेरेनियन म्हणून आणलेली, पण डॉक्टर म्हणाले, ही इंडियन स्पिट्झ. आपल्याकडे सर्रास पॉमेरेनियन म्हणूनच खपतात. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. गणपतीत डॉल्बी सुरू झाला की ही दिवाणाखाली शिरून थरथरायची, लाळ गाळायची आणि ओढून काढायला गेलं की चावायची. ह्यांच्या अंगठ्यावर अजून वण आहे.

छातीपोटाला सारखा हलका दाब राहिला की काही कुत्री शांत होतात, अशी या जॅकेटमागची कल्पना. काहीच, सगळी नाहीत. मी ते पहिल्यांदा चढवलं ते थेट मिरवणूक दारात आल्यावर. वेल्क्रोचा चर्रर्र आवाज आला आणि आधीच घाबरलेली पोर आणखी बिथरली. पुढचे पंधरा दिवस जॅकेटची पिशवी दिसली तरी दिवाणाखाली!

मग पहिल्यापासून सुरुवात. जॅकेट नुसतं जमिनीवर पसरायचं, त्यावर उकडलेल्या चिकनचे तुकडे. वेल्क्रो दुसऱ्या खोलीत उघडायचा आणि इकडे तिला तुकडा द्यायचा. तीन आठवड्यांनी ती स्वतःहून मान पुढे करायला लागली. सोबत फोनवर फटाक्यांचे आवाज, आधी अगदी बारीक. कान मागे गेले किंवा ती ओठ चाटायला लागली की आवाज आणखी कमी.

दिवाळीत फरक दिसला. लांबच्या माळेला ती उठून बसली, पण दिवाणाखाली गेली नाही. जवळच्या सुतळी बॉम्बला मात्र गेलीच. जानेवारीत समोरच्या लग्नाच्या वरातीत डॉल्बी होता, तेव्हा जॅकेट साफ फेल. त्याचा धडधडाट फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून येतच नाही, मग सराव कशाचा झाला असणार? अशा दिवसांसाठी डॉक्टरांनी वजनावर बेतलेली गोळी दिलीये, आवाज सुरू व्हायच्या दीड-दोन तास आधी द्यायची. एका ओळखीच्यांनी सुचवलेली गुंगीची गोळी त्यांनी स्पष्ट नाकारली. त्यातली काही औषधं दिली की कुत्रं गप्प पडतं, पण आतून घाबरलेलंच असतं, म्हणाले.

चावण्याचं म्हणाल तर त्यात जॅकेटचा काही संबंध नाही. बेल वाजली की ही गुरगुरायची, आम्ही "एवढीशी आहे, पण रुबाब बघा" म्हणून हसायचो, नाहीतर दटावायचो. गुरगुरणं ही तिची सूचना, ती बंद पाडली तर थेट दातच लागणार, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत डोक्यातच आलं नव्हतं. आता बेल वाजली की ती स्वयंपाकघरातल्या चटईवर जाते, तिथे तुकडा मिळतो. दहातल्या सात वेळा जाते. दूधवाल्याला अजून सूट नाही. दिवाणाखाली गेली तर कुणी ओढत नाही. खाली तिची गोधडीच टाकून ठेवलीये.

तक्रारी दोन. वेल्क्रोत केस अडकतात, दर आठवड्याला जुन्या टूथब्रशने काढावे लागतात. आणि उन्हाळ्यात हे घालणं अवघड. मार्चपासूनच ती जॅकेटमध्ये धापा टाकते, भीतीने की उकाड्याने ते कळत नाही, म्हणून मी पंख्याखाली वीस मिनिटांपलीकडे ठेवत नाही. वळवाच्या गडगडाटात काय होतंय ते अजून बघायचंय.

घेणार असाल तर छातीचा घेर टेपने मोजा, वजनावरून साईज मागवू नका. आमचं पहिलं परत पाठवावं लागलं होतं.