चेनजियागोऊतला ताईचीचा घरगुती वर्ग: बारा दिवस, सात हालचाली

पुण्यात सहा वर्षं मी चोवीस हालचालींचा ताईची, म्हणजे संथ हालचालींची चिनी युद्धकला, करतेय. 1956 साली चीनच्या क्रीडा आयोगाने यांग शैलीवरून बसवलेला हा छोटा संच पाच-सहा मिनिटांत होतो. यांग शैलीचे जनक यांग लुचान ज्या गावात शिकले, ते हनान प्रांतातलं चेनजियागोऊ. मूळ रूप तिथे अजून शिकवतात, म्हणून ऑक्टोबरात रजा काढून गेले.

गावात वसतिगृहं असलेल्या मोठ्या शाळा आहेत. मी राहिले एका कुटुंबाकडे. अंगणातच वर्ग, आम्ही चौघं विद्यार्थी. शिकवतात फक्त लाओजिया यीलू, म्हणजे जुन्या धाटणीचा पहिला संच, सत्तरहून जास्त हालचालींचा. गुरुजींनी पहिल्याच सकाळी सांगितलं की बारा दिवसांत तो होणार नाही. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात मी पाच दिवसांत अख्खा संच 'पूर्ण' केला होता, वर प्रमाणपत्र मिळालं होतं. तीन महिन्यांत नुसता क्रमसुद्धा आठवेना. त्यामुळे गुरुजींचं हे बोलणं ऐकून मला बरंच वाटलं.

सुरुवातीलाच येते 'जिंगांग दाओद्वेई'. जिंगांग म्हणजे वज्रधारी रक्षक, तो उखळात कांडतोय. उजवी मूठ डाव्या तळव्यात उतरते आणि त्याच क्षणी उजवं पाऊल जमिनीवर येतं. मी पाय आपटत होते, फट् असा आवाज यायचा. गुरुजींचा यायचा धप्, खोल. तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्या खुब्यावर हात ठेवून तो सैल करायला लावला आणि मला एकदम आजीचं मुसळ आठवलं. मुसळ कोणी आपटत नाही, उचलून सोडायचं असतं. तसा पाय सोडला आणि गुडघ्यातली कळ गेली.

पुढची 'लान झा यी', अंगरखा कमरेशी खोचणं. आपण कामाला लागताना पदर खोचतो ना, अगदी तसं. यांग शैलीत या जागी 'चिमणीचं शेपूट धरणं' येतं, ते मी सहा वर्षं करतेय. पण हा हात समोरच्याचा हल्ला वळवून त्याला ढकलायला आहे, हे गुरुजींनी माझंच मनगट धरून दाखवलं तेव्हा कळलं. नुसता आकार जपून भागत नाही, हात तिथे का जातो हेही पुढच्या पिढीला द्यावं लागतं. डिसेंबर 2020 मध्ये ताईचीचं नाव युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं, त्याचा आनंद आहेच. पण पोरांना पहाटे उठवून हे 'का' समजावणारी माणसं अशा अंगणांत आहेत, आणि माझे पैसे तिथे गेले याचं मला समाधान आहे.

उणिवाही सांगते. इंग्रजी कोणालाच येत नाही, सगळा कारभार मोबाईलवरच्या भाषांतरावर. जमीन सिमेंटची, त्यामुळे मऊ तळव्याचे बूट न्या. गादी कडक. पैसे मोबाईलवरूनच घेतात, अलीपे निघण्याआधी चालू करून ठेवा. शाकाहारी असाल तर पहिल्याच जेवणाला स्पष्ट सांगा. मला रोज मान्तोव (वाफवलेले बिनसारणाचे पाव), बाजरीसारख्या बारीक धान्याची पेज आणि या भागातला प्रसिद्ध लांबट कंद मिळायचा. तो नुसता उकडून साखरेत बुडवून खातात, फार छान लागतो.

बारा दिवसांत सातव्या हालचालीपर्यंत, पांढऱ्या करकोच्याने पंख पसरण्यापर्यंत पोचले. पुढच्या ऑक्टोबरची जागा सांगून आले आहे.