आधी शब्बाथ की आधी कोशेर स्वयंपाकघर?

ज्यू धर्माचं पालन हळूहळू वाढवायचं ठरवलं, की पहिला प्रश्न हाच पडतो: आधी शब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतचा विश्रांतीचा दिवस, पाळायचा की कोशेर, म्हणजे ज्यू आहारनियम? दोन्ही एकदम अंगावर घेणारे बरेचदा दमतात.

कोशेरची सुरुवात सोपी. डुक्कर, कोळंबी, खेकडे बंद. पापलेट चालतो, कारण त्याला पर आणि खवले असतात. मांस आणि दूधदुभतं एकत्र चालत नाही, पण मटणाच्या रश्श्यात नारळाचं दूध घालण्याची बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरांतली रीत तर तयारच आहे. अडतं ते पुढे. मांस आणि दुधाची भांडी वेगळी हवीत. स्टीलचं पातेलं उकळत्या पाण्याने शुद्ध करून घेता येतं, मातीचं नाही. शिवाय ओटा एकट्याचा नसतो. सासूबाईंनी दह्याचा चमचा मटणात घातला, की वाद सुरू!

शब्बाथला भांडी बदलावी लागत नाहीत. शुक्रवारी सूर्यास्ताआधी, बहुतेक ठिकाणी 18 मिनिटं, दिवे लावायचे, किद्दूश (वाइनच्या पेल्यावरची प्रार्थना) म्हणायचा, जेवताना फोन बाजूला. तेवढं अंगवळणी पडलं की शनिवारचा प्रवास, खरेदी, विस्तव पेटवणं एकेक करून सोडायचं. निषिद्ध कामांचे प्रकार 39 आहेत, ते सावकाश शिकता येतात. अडचण नोकरीची: शनिवारी हाफ डे असेल तर साहेबांशी बोलावंच लागतं. कोकणात घाणा शनिवारी बंद ठेवणाऱ्या ‘शनिवार तेल्यां’चा, म्हणजे जुन्या बेने इस्रायलींचा, धंदा निदान स्वतःचा होता.

माझं मत शब्बाथच्या बाजूने. पण घरात सगळेच राजी असतील, तर खुशाल ओट्यापासून सुरुवात करा.